उत्तरे सारखी कशी आली?

१९८१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाचा एक परीक्षक उत्तरपत्रिका तपासत होता. दहावीचे गठ्ठे तपासलेल्या शिक्षकांना जो अनुभव नवा नाही, तोच त्याला आला. दोन उमेदवारांची उत्तरे एकमेकांशी इतकी जुळत होती की त्याला योगायोग म्हणता येईना. मग आपण जे करतो तेच झाले. उत्तरपत्रिका शेजारी शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहण्यात आली आणि संशय पक्का झाला.

हे उमेदवार शाळकरी पोरे नव्हती. अणुवीजकेंद्रात प्रत्येक पाळीत नियंत्रणकक्षाची जबाबदारी ज्यांच्यावर असते, अशा पाळीप्रमुखांपैकी ते दोघे होते. परीक्षा होती अणुभट्टी चालवण्याच्या वरिष्ठ परवान्याची, आणि केंद्र होते पेनसिल्व्हेनिया राज्यातील सस्क्वेहाना नदीच्या बेटावरचे थ्री माइल आयलंड. या बेटावर दोन अणुभट्ट्या होत्या. त्यांपैकी दुसरीत २८ मार्च १९७९ च्या पहाटे अमेरिकेतील व्यापारी अणुवीजकेंद्रांच्या इतिहासातला सर्वांत गंभीर अपघात झाला होता. पहिली भट्टी इंधनबदलासाठी बंद होती आणि अपघातानंतर ती बंदच ठेवण्याचा आदेश निघाला. ती पुन्हा सुरू करावी की नाही याची सुनावणी चालू होती. चालकांचे नव्याने प्रशिक्षण आणि नव्याने परीक्षा ही त्यातली एक महत्त्वाची अट होती. नेमक्या त्याच परीक्षेत, एप्रिल १९८१ मध्ये, कॉपी झाली.

अपघाताची हकिगत अनेकांनी वाचलेली असेल. तरी तिचा एक भाग पुन्हा पाहू, कारण तो परीक्षेशी जोडलेला आहे.

या जातीच्या भट्टीत गाभ्यातून फिरणारे पाणी वातावरणाच्या सुमारे १५० पट दाबाखाली ठेवलेले असते. एवढ्या दाबाला पाणी सुमारे ३४० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. दाब ७५ पटीवर उतरला तर तेच पाणी सुमारे २९० अंशांनाच उकळू लागते. हा दाब सांभाळण्यासाठी एक उंच टाकी असते. तिच्यात खाली पाणी आणि वर वाफ असते. टाकीच्या माथ्यावर दाबमुक्तीची झडप असते. त्या पहाटे चारच्या सुमारास ही झडप उघडली आणि उघडीच अडकून राहिली. नियंत्रणकक्षातला दिवा मात्र ती बंद असल्याचे सुचवत होता. खरे तर झडपेला ‘बंद हो’ अशी आज्ञा गेली आहे, एवढेच तो दिवा सांगत होता. आज्ञा देणे आणि ती पाळली जाणे यांतला फरक वर्ग सांभाळणाऱ्यांना वेगळा सांगायला नको!

झडपेतून पाणी आणि वाफ निघून जात होती. दाब उतरत होता आणि गाभ्याकडचे पाणी उकळू लागले होते. वाफेच्या बुडबुड्यांनी जागा व्यापली, उरलेले पाणी वर ढकलले गेले आणि टाकीतली पातळी चढू लागली. कुकरची वाफ घाईने सोडली तर आतले वरण फसफसून शिट्टीच्या भोकातून बाहेर येते. म्हणून कुकरमध्ये पाणी जास्त आहे असे कोणी म्हणत नाही. पण चालकांना शिकवलेले होते की टाकी काठोकाठ भरू द्यायची नाही. तसे झाले तर दाबावरचा ताबा जातो. गाभ्यातील पाण्याची पातळी थेट दाखवणारे उपकरण तेथे नव्हते. टाकीची पातळी चढते आहे म्हणजे पाणी जास्त झाले, असा अर्थ त्यांनी लावला. आपोआप सुरू झालेले आपत्कालीन पाणी त्यांनी पाचेक मिनिटांत जवळजवळ बंद केले. अडकलेल्या झडपेची वाट दुसऱ्या झडपेने बंद झाली ती सहा वाजून बावीस मिनिटांनी. तोवर गाभ्याचा वरचा भाग उघडा पडला होता. पुढे काही वर्षांनी आत पाहणे शक्य झाले, तेव्हा सुमारे निम्मा गाभा वितळल्याचे दिसले.

दाब आणि तापमान हे दोन्ही आकडे नियंत्रणकक्षात उपलब्ध होते. बाष्पसारणी घेऊन ते एकमेकांशी ताडून पाहिले असते, तर पाणी उकळते आहे हे कळण्यासारखे होते. एवढे भौतिकशास्त्र आपण अकरावी-बारावीला शिकवतो. आणि त्या पहाटे कामावर असलेले चालक बिनपरवान्याचे नव्हते. सगळ्यांनी रीतसर परीक्षा दिलेली होती आणि ते उत्तीर्ण झालेले होते.

राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी नेमलेल्या चौकशी आयोगाचे अध्यक्ष जॉन केमेनी हे गणिताचे प्राध्यापक आणि डार्टमथ कॉलेजचे अध्यक्ष होते. ‘बेसिक’ या संगणकभाषेच्या दोन जनकांपैकी ते एक. म्हणजे आयोगाच्या प्रमुखपदी एक शिक्षकच बसला होता. ऑक्टोबर १९७९ च्या अहवालात आयोगाने प्रशिक्षणावर आणि परीक्षेवरही बोट ठेवले. परवाना परीक्षेतील आणीबाणीविषयक विभागात नापास झालेला उमेदवारसुद्धा एकूण सरासरीच्या जोरावर पास होऊ शकत असे. इतिहासातल्या गुणांवर गणितात तरून जावे, तसे! शिवाय ज्या सिम्युलेटरवर, म्हणजे प्रतिरूप नियंत्रणकक्षात, चालकांचा सराव होई, त्यात दाब उतरतो आहे आणि टाकीची पातळी मात्र चढते आहे, ही परिस्थिती उभी करण्याची सोयच नव्हती.

यावर नियामक आयोगाने मार्च १९८० मध्ये जो उपाय केला तो आपल्याला परिचित वाटेल. उत्तीर्ण होण्याची मर्यादा एकूण ७० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर नेली, प्रत्येक विभागात किमान ७० टक्के सक्तीचे केले आणि उष्णता संक्रमण, द्रवप्रवाह व उष्मागतिकी यांचा नवा विभाग घातला. सरासरीची पळवाट बुजली, हे चांगलेच झाले. पण वर्षानुवर्षे भट्टी चालवलेल्या, शाळा सोडून बराच काळ लोटलेल्या माणसांपुढे एक जड लेखी परीक्षा उभी राहिली. तिच्यात नापास होणे म्हणजे हुद्दा आणि पगार दोन्हींवर पाणी. भट्टी सुरू होण्यासाठी कंपनीला पुरेसे परवानाधारक चालक हवे होते, हा दबाव वेगळाच. यातून कॉपीचे समर्थन होत नाही. पण ती कोणत्या हवेत वाढली, ते समजते. आणि परीक्षेच्या खोलीत पर्यवेक्षक पूर्णवेळ हजर नव्हते! अणुभट्टीच्या झडपांवर लक्ष ठेवणाऱ्या आयोगाला आपल्याच परीक्षेच्या खोलीवर लक्ष ठेवता आले नव्हते. ऑक्टोबर १९८१ मध्ये चालकांची परीक्षा पुन्हा घ्यावी लागली.

सुनावणी चालवणाऱ्या परवाना मंडळाने ऑगस्ट १९८१ मध्ये कंपनीच्या व्यवस्थापनाविषयी आपला निर्णय दिला होता, पण कॉपीच्या प्रकरणाने हा विषय पुन्हा उघडावा लागला. चौकशीसाठी कायद्याचे प्राध्यापक गॅरी मिलहॉलिन यांची नेमणूक झाली. साक्षींमध्ये आणि कागदपत्रांत चालकांची नावे न छापता अक्षरे वापरली गेली. ज्या दोघांपासून प्रकरण सुरू झाले ते ‘ओ’ आणि ‘डब्ल्यू’. आणखी दोघे ‘जी’ आणि ‘एच’; त्यांची उत्तरे कंपनीच्या अंतर्गत चाचण्यांत जुळत होती. वाचताना बीजगणिताचे पुस्तक उघडल्यासारखे वाटते, पण प्रत्येक अक्षरामागे संसार असलेला माणूस होता, हे लक्षात घेतले की ही पद्धत योग्य वाटते.

सर्वांत बोलके अक्षर ‘व्हीव्ही’. हे अपघातग्रस्त दुसऱ्या भट्टीचे एक वरिष्ठ अधिकारी. १९७९ च्या उन्हाळ्यात, म्हणजे अपघाताला पुरते सहा महिनेही झाले नव्हते तेव्हा, त्यांनी परवाना नूतनीकरणाच्या अभ्यासक्रमात जी उत्तरे दिली, त्यांतील काही पाने ‘ओ’च्या हस्ताक्षरात होती. वरच्यांना हे समजले. तरीही कंपनीने, त्यांचे प्रशिक्षण समाधानकारक झाले असल्याचे नियामक आयोगाला कळवले. हे उघडकीला आले ते १९८१ च्या कॉपीची चौकशी सुरू झाली म्हणून. त्या अधिकाऱ्याला पुढे १९८४ मध्ये न्यायालयाने दोषी ठरवले. मला या प्रकरणात ‘ओ’ आणि ‘डब्ल्यू’ यांच्यापेक्षा हा कागद अधिक गंभीर वाटतो. दोघा उमेदवारांनी परीक्षकाला फसवले. इथे संस्थेने खोट्या उत्तरपत्रिकेवर आपला शिक्का मारला.

आता या साऱ्या चौकशीत निघालेला, शिक्षकांनी थांबून पाहावा असा मुद्दा. काही उत्तरे शब्दशः सारखी का, याला मिळालेले एक स्पष्टीकरण असे होते की ही कॉपी नाही, पाठांतर आहे. सगळ्यांनी एकाच टिपणांवरून, एकत्र बसून अभ्यास केला. म्हणून वाक्ये सारखी आली. काही बाबतींत हे खरेही असू शकते. गाईडमधून पाठ केलेली उत्तरे अख्ख्या वर्गाची सारखी येतात, आणि तेव्हा कोणी कोणाचे पाहिले हे ठरवणे अवघड होते. पण हा बचाव मान्य केला की आरोप उमेदवारांवरून उठतो आणि परीक्षेवर जाऊन बसतो. जे उत्तर पाठ करून आणि जे उत्तर शेजाऱ्याचे पाहून सारखेच लिहिता येते, त्यावरून चालकाला भट्टी कळते की नाही हे कसे ठरवायचे?

पाठांतराला सरसकट नावे ठेवणेही बरोबर नाही. आणीबाणीतली पहिली काही पावले चालकाला तोंडपाठच हवीत. तेव्हा पुस्तक चाळायला वेळ नसतो. अडचण दुसरीच होती. त्या काळातल्या आपत्कालीन सूचना घटनेनुसार लिहिलेल्या असत. अमुक नळी फुटली तर हे करा, तमुक पंप बंद पडला तर ते करा. म्हणजे आधी काय झाले आहे ते ओळखायचे आणि मग त्याचे पान उघडायचे. २८ मार्चला ओळखण्यातच चूक झाली होती. अपघातानंतर सूचना लक्षणांनुसार लिहिल्या जाऊ लागल्या. काय बिघडले ते कळो न कळो, गाभा थंड राहतो आहे ना ते आधी पाहायचे. पाणी उकळण्यापासून किती दूर आहे ते दाखवणारा मापकही नियंत्रणकक्षात आला.

मिलहॉलिन यांचा अहवाल एप्रिल १९८२ मध्ये आला, आणि तो प्रशिक्षणावर कडक होता. परवाना मंडळ त्यांच्या सर्व निष्कर्षांशी सहमत झाले नाही. त्याने जुलैमध्ये काही अटी घालून भट्टी सुरू करण्याला अनुकूल निर्णय दिला. पण मे १९८४ मध्ये अपील मंडळाने प्रशिक्षणाचा प्रश्न पुन्हा उघडला. त्याने विचारलेल्या प्रश्नांत एक असा होता की, कंपनीच्या आणि आयोगाच्या परीक्षांचे स्वरूप चालकांना शिकायला आणि शिकलेले टिकवायला लावते, की केवळ परीक्षेपुरते पाठ करायला? आयोगाच्या स्वतःच्या परीक्षेलाही त्यांनी यात धरले होते. कायद्याच्या भाषेतल्या शेकडो पानांत हे वाक्य एखाद्या शिक्षक परिषदेतून चुकून आल्यासारखे वाटते.

बऱ्याच वादानंतर, २९ मे १९८५ रोजी आयोगाने चार विरुद्ध एक मतांनी परवानगी दिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि पहिली भट्टी ३ ऑक्टोबर १९८५ रोजी सुरू झाली. साडेसहा वर्षे ती बंद होती. १९८७ मध्ये परवान्याचे नियम बदलले. लेखी परीक्षेबरोबर सिम्युलेटरवरील प्रात्यक्षिक परीक्षा नियमात आली. परीक्षेच्या सचोटीला बाध आणणारे कृत्य हा परवानाधारक, उमेदवार आणि कंपनी या तिघांनाही लागू असलेल्या नियमाचा भंग ठरला. पूर्वी हे गृहीत होते. आता ते लिहावे लागले.

कॉपी तेवढ्याने संपली नाही. २०१४ मध्ये अमेरिकेच्या नौदलाच्या चार्ल्सटन येथील अणुप्रशिक्षण केंद्रात पात्रता परीक्षेची उत्तरे फिरत असल्याचे उघड झाले. त्याच वर्षी माँटाना राज्यातील अण्वस्त्र-क्षेपणास्त्रांच्या तळावर नव्वदाहून अधिक अधिकारी अशाच प्रकरणात सापडले. तिथली उत्तीर्णतेची मर्यादा ९० टक्के होती आणि बहुतेकांना ती सहज गाठता आली असती. पण बढतीसाठी वरिष्ठ शंभरपैकी शंभर पाहत, म्हणून मंडळी मोबाइलवरून उत्तरे पाठवत होती. नापास होण्याच्या भीतीने कॉपी होते हे आपण जाणतो. पूर्ण गुणांच्या हव्यासानेही ती होते, हे गुणवत्ता यादीच्या काळात शिकवलेल्यांना पटायला वेळ लागू नये.

थ्री माइल आयलंडची पहिली भट्टी सप्टेंबर २०१९ मध्ये आर्थिक कारणांनी बंद झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये तिच्या मालक कंपनीने ती पुन्हा सुरू करण्याचे जाहीर केले. तिची वीज मायक्रोसॉफ्ट ही संगणक कंपनी विकत घेणार असे ठरले. भट्टी सुरू करायची तर नियंत्रणकक्षात परवानाधारक चालक हवेत, आणि परवाना हवा तर परीक्षा द्यायला हवी.