नागस्वराचा नाद आणि घरातील संगणक

कावेरीकाठचे कुंभकोणम् हे देवळांचे गाव. तंजावरच्या भोसल्यांची राजवट १८५५ साली संपली. पण तिच्याबरोबर त्या मुलखात गेलेली मराठी घराणी तेथेच रुजली. पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे येथे दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव १८२८ साली याच गावी जन्मले. अशा घरातील माणसाच्या कानांना सनई-चौघड्याची आठवण करून देणारे, परंतु सनईहून पुष्कळ लांब आणि प्रखर असे जे वाद्य तेथील देवळांतून घुमते, ते नागस्वर. आदिकुंभेश्वराच्या मंदिरात तर चक्क दगडात घडविलेले एक नागस्वर जपून ठेवले आहे.

या वाद्याचा आवाज लहान कसा करावयाचा? त्याला किल्ली नाही, कळ नाही. वादकाने फुंकर आवरली तर थोडा फरक पडतो, पण फार आवरली की पाती डळमळते आणि स्वरच ढळू लागतो. ते वाद्य मिरवणुकीसाठी, उघड्या रस्त्यासाठी जन्मले होते. तेथे आवाजाची मात्रा ठरविण्याचे काम श्रोत्याचे पायच करीत. ज्याला फार झाले त्याने चार पावले मागे सरावे. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की नाद सहा डेसिबेलने उतरतो, हे गणित पुढे विज्ञानाने मांडले. डेसिबेल हे मापही १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेतील दूरध्वनीच्या तारांवरील क्षय मोजण्याच्या गरजेतून आले.

रथवीथीतील वाद्य मैफलीच्या व्यासपीठावर आले तेव्हा खरी अडचण उभी राहिली. जुन्या धर्तीचे ‘तिमिरी’ नागस्वर आखूड, चढ्या पट्टीचे आणि कर्कशतेकडे झुकणारे. तिरुवावडुदुरैचे टी. एन. राजरत्नम् पिळ्ळै (१८९८–१९५६) यांना त्यात शुद्ध मध्यम मनासारखा मिळेना. कुंभकोणम्‌हून मयिलाडुदुरैकडे जाणाऱ्या वाटेवरच्या नरसिंहम्‌पेट्टै येथील कारागीर रंगनाथन् आचारी यांनी लांब, खालच्या पट्टीचे ‘पारी’ नागस्वर सिद्ध केले, आणि राजरत्नम् यांनी ते गाजविले. त्याच गावच्या नागस्वराला २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळाले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्या कारागिराने वाद्य नुसते हळू केले नाही. नादाचा पोतच खाली आणला. आवाज कमी करणे आणि आवाज सौम्य करणे या दोन भिन्न क्रिया आहेत, हे त्याच्या हातांना ठाऊक असले पाहिजे.

दरम्यान १९३९ साली तिरुचिरापल्लीला नभोवाणी केंद्र सुरू झाले होते. आता नागस्वर घराघरांत शिरले, आणि आवाजाची किल्ली प्रथमच श्रोत्याच्या बोटांखाली आली. ती फिरविली की विद्युत्प्रवाह कमी-अधिक होई, बस्स, एवढेच.

आज त्याच गावातील एखाद्या घरी जुन्या तबकडीवरचा तोडी संगणकातून ऐकला जातो. यात प्रकरण गुंतागुंतीचे होते. हौशी माणसाच्या घरी संगणकच स्वरांची विभागणी करतो: खर्जाचे स्वर मोठ्या ध्वनिक्षेपकाकडे, तार स्वर लहानाकडे, आणि प्रत्येकास वेगळा वर्धक. एक किल्ली फिरवून भागत नाही. सर्व वर्धक एकदमच आणि सारख्याच प्रमाणात उतरले पाहिजेत, नाहीतर खर्ज आणि तार यांचा तोल बिघडतो. म्हणून साहजिकच ते काम संगणकाच्या गणितावर सोपविले जाते. प्रत्येक आकड्याला एका अपूर्णांकाने गुणावयाचे, की आवाज उतरला.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: असे गुणल्याने नादाचे बारकावे नष्ट होतात. आक्षेपात तथ्य आहे, पण मोजून पाहावे. एका बिटाचा मोल सहा डेसिबेल; म्हणजे रस्त्यावर अंतर दुप्पट करण्याइतकाच. १९८२ साली बाजारात आलेल्या काँपॅक्ट डिस्कचे सोळा बिट सुमारे ९६ डेसिबेलांचा पल्ला देतात, चोवीस बिट सुमारे १४४. प्रत्यक्ष यंत्रांना हा दुसरा आकडा गाठता येत नाही, तरीही ११५-१२० पर्यंत चांगली यंत्रे पोचतात. आवाज चाळीस डेसिबेलने उतरविला तरी ७५-८० शिल्लक राहतात. लाखेच्या जुन्या तबकडीवर सुईची खरखर सोडून चाळीसेक डेसिबेलच उरत असत. बारकावे हरवल्याची तक्रार त्या खरखरीपलीकडे जाऊच शकत नाही. गणिताने उगाच दोष घेऊ नये.

मग हळू आवाजात तोडी फिका का लागतो? दोष बहुतांशी कानाचा आहे. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी दाखवून दिले की आवाज उतरला की खर्जाच्या बाबतीत कान तारस्वरांपेक्षा लवकर बहिरा होतो. नागस्वराबरोबर तविल वाजते. त्याचे एक तोंड जाड काठीने वाजवितात, दुसरे कडक टोप्या चढविलेल्या बोटांनी. रात्री शेजारचे मूल झोपावे म्हणून आवाज उतरविला की काठीचा गडगडाट आधी विरतो आणि बोटांचा टणत्कार तेवढा उरतो. त्यावर संगणकाकडून खर्ज थोडा चढवून घेता येतो. गेल्या शतकातील अनेक वर्धकांवर याच हेतूने एक बटण असे; पण त्याला नेमका किती आवाज चालू आहे याचा पत्ता नसे, त्यामुळे ते बहुधा भलतेच करी. संगणकाला मात्रा ठाऊक असते. त्याच्या हाती हे काम अधिक नेटके होते.

मात्र या सोयीत एक धोका दडलेला आहे, आणि हौशी लोक तोच विसरतात. संगणक बिघडून पुन्हा सुरू झाला आणि गणिताची किल्ली आपोआप पूर्ण उघडी राहिली, तर वर्धक अंगच्या साऱ्या बळाने ओरडतील. तार स्वरांचा नाजूक ध्वनिक्षेपक क्षणात जळेल, आणि कानांचेही बरे होणार नाही. यासाठी वर्धकाची कमाल पातळी आधीच बांधून घ्यावी लागते. किल्ली पूर्ण उघडली तरी खोलीतील आवाज सहन होईल, इतकीच. आणि मग रोजची चढउतार गणितावर सोडावी. असे केले की चाळीस डेसिबेलने उतरण्याची वेळही सहसा येत नाही. नरसिंहम्‌पेट्टैत आचाचे लाकूड कोरणारा कारागीर भोकांची जागा आणि नळीची लांबी आधीच ठरवितो. एवढी तजवीज झाल्यावरच वादक फुंकर मारतो.