तुमच्या वाट्याची अर्धी कांडी

रविवारची सकाळ आहे. दूध आणायला निघालेले तुम्ही गल्लीच्या तोंडाशी थबकता, कारण मॅच रंगात आली आहे. भिंतीशी उकिडवा बसलेला एक मुलगा विटेच्या तुकड्यानं प्लॅस्टरवर रेघा ओढतो आहे. एक रन, एक रेघ. "स्कोअर काय झाला रे?" तुम्ही विचारता. तो रेघांवरून बोट फिरवत मोजायला लागतो, तोच समोरच्या टीमचा कॅप्टन धावत येतो. "ए, एक जास्त ओढलीस तू!" झालं, जुंपलं भांडण.

उत्तराची वाट पाहू नका. वाकून त्या रेघेवर बोट ठेवा. विटेची भुकटी बोटाला लागेल, खाली उकरलेली भिंत जाणवेल. तुम्ही आत्ता जो शब्द उच्चारलात तो हजार वर्षांपूर्वी अशाच एका उकरलेल्या खाचेतून निघाला. चला, त्या खाचेतून आत शिरू या.

पायाखाली ओलं गवत लागतं. साल इसवी सन १०००च्या आसपासचं, जागा इंग्लंडच्या उत्तरेकडची यॉर्कशरची टेकडी. नवव्या शतकात उत्तर समुद्र ओलांडून आलेले डॅनिश लोक आता इथे पिढ्यान्‌पिढ्या शेती करताहेत आणि त्यांची नॉर्स भाषा इथल्या इंग्रजीत मिसळते आहे. दगडी बांधाला एक फट ठेवली आहे, तिच्यातून मेंढ्या एकेक करून वाडग्यात शिरताहेत. फटीशी उभा असलेला मेंढपाळ पुटपुटत मोजतो. वीस झाल्या की थांबतो, कमरेचा चाकू काढतो, हातातल्या काठीवर एक खाच पाडतो आणि पुन्हा एकपासून सुरुवात करतो. या खाचेला नॉर्समध्ये म्हणतात 'स्कोर'. खाच म्हणजेही स्कोर आणि खाचेत साठलेले वीस म्हणजेही स्कोर. एकाच शब्दाला हे दोन अर्थ कसे चिकटले, याचं शब्दकोशकार जे उत्तर देतात ते याच दृश्याचं आहे.

वीसच का? हातापायांची बोटं पाहा. या डोंगराळ भागातल्या मेंढपाळांची एक खास मोजणी पुढच्या काळात नोंदली गेली. 'यान, टान, टेथेरा' अशी ती सुरू होते, पंधराला 'बमफिट' म्हणते आणि विसाला 'जिगिट' म्हणून संपते. त्यापुढे आकडाच नाही, खाच पाडायची आणि परत 'यान'. पॅरिसला गेलात तर तिथे तेराव्या शतकात राजा नवव्या लुईनं अंधांसाठी काढलेलं एक रुग्णालय आजही आहे. त्याचं नाव 'कॅंझ-व्हँ', म्हणजे पंधरा विसा. तिथे ३०० जणांची सोय होती, म्हणून हे नाव. आणि तुमच्या पणजीला आठवा. 'दोन विसा नि पाच' असं ती मोजायची ना? पाच विसा म्हणजे शंभर, हे तिला कुठल्या शाळेनं शिकवलं नव्हतं.

मेंढपाळाचा चाकू जरा जवळून पाहा, कारण या शब्दाचं मूळ त्याच्या धारेत आहे. 'स्कोर'च्या पोटात कापणं या अर्थाचा एक फार प्राचीन धातू आहे. मेंढीची लोकर कातरायला इंग्रजीत 'शिअर' म्हणतात तो शब्द त्यातूनच आला. त्याच धातूचं संस्कृत रूप 'कृत्', त्यातून 'कर्तरी' आणि कर्तरीतून आपली कात्री. शिवणाच्या डब्यातली कात्री आणि टीव्हीवरचा स्कोअर ही एकाच घराण्यातली लांबची भावंडं आहेत.

आता दक्षिणेला, लंडनजवळच्या वेस्टमिन्स्टरला. साल ११८०च्या आसपास. एका दालनात दहा फूट लांब, पाच फूट रुंद टेबल आहे आणि त्यावर रेघांचं काळं कापड अंथरलं आहे. दिसायला बुद्धिबळाच्या पटासारखं, म्हणून या खात्याचं नाव 'एक्सचेकर' पडलं. टेबलाच्या एका बाजूला राजाचे अधिकारी, समोर एका परगण्याचा शेरीफ. मुंबईचा शेरीफ हे पद मिरवायचं, मानाचं. या शेरीफच्या मात्र कपाळावर घाम आहे, कारण वर्षभराच्या वसुलीचा हिशेब त्याला आज द्यायचा आहे. कापडावरच्या रकान्यांत मोजणीच्या चकत्या सरकताहेत. पेनीचा रकाना, शिलिंगचा, पौंडाचा, आणि त्यापुढे दहाचा नाही तर वीस पौंडांचा. मग शंभराचा, मग हजाराचा. मेंढपाळाचा स्कोर राजाच्या खजिन्यात येऊन बसला आहे.

कारकुनाच्या हाताकडे बघा. त्यानं हेझलच्या लाकडाची एक कांडी घेतली आहे. अंगठा आणि तर्जनी ताणून होईल तेवढी लांब. आपल्या भाषेत बरोब्बर टीचभर. तो तिच्यावर रक्कम कोरतो आहे. त्याचे नियम याच काळात खजिनदार रिचर्ड फिट्झनील यानं 'डायलॉगस दे स्कॅकारिओ' या ग्रंथात लिहून ठेवले. हजार पौंडांची खाच तळहाताच्या जाडीची, शंभराची अंगठ्याएवढी, विसाची करंगळीएवढी, एका पौंडाची पिकलेल्या सातूच्या दाण्याएवढी. शिलिंगची त्याहून बारीक. पेनीसाठी नुसता चरा, लाकूड काढायचंही नाही. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही बोट फिरवून रक्कम कळावी.

आता श्वास रोखून पाहा. कारकून कांडीवर सुरी टेकवतो आणि ती उभी चिरतो. प्रत्येक खाच मधोमध दुभंगते. मुठीचा लांब तुकडा पैसे भरणाऱ्याच्या हातात जातो, त्याला म्हणतात 'स्टॉक'. आखूड तुकडा खजिन्यात राहतो, त्याला म्हणतात 'फॉइल'. पुढच्या हिशेबाला शेरीफ पुन्हा येईल तेव्हा दोन्ही तुकडे एकमेकांवर ठेवले जातील. त्यानं एखादी खाच वाढवली असेल तर ती पलीकडच्या तुकड्यात सापडणार नाही. खजिन्यानं एखादी बुजवली तर तीही लपणार नाही. शिवाय लाकडाचे तंतू जुळले पाहिजेत, आणि ते खोटे कोण पाडणार? या कांडीचं नाव 'टॅली'. आपल्या बाजारपेठेत मुनीमजी 'हिशेब टॅली झाला' म्हणतात, तेव्हा नकळत हे दोन तुकडे जुळवत असतात.

मला या सगळ्या प्रवासात हाच क्षण सर्वांत मोलाचा वाटतो. समोर एवढा बलाढ्य राजा, पण हिशेबाचा अर्धा पुरावा त्यानं प्रजेच्या हातात दिला आहे.

पुढे निघू. सोळाव्या शतकातली इंग्लंडमधली खानावळ. धुराचा आणि बिअरचा वास. मालक दाराआड खडूनं रेघा मारतो, कोणी किती प्याले घेतले त्याच्या. या उधारीलाही स्कोअरच म्हणतात. इथे मात्र कांडीचा दुसरा तुकडा नाही. दार मालकाचं, खडू मालकाचा, आणि गिऱ्हाईक नशेत. त्यामुळे उधारी चुकती करायच्या वेळी तंटा ठरलेला. उधारी फेडणं यावरून इंग्रजीत सूड उगवणं असा अर्थ आला तो याच वाटेनं. मराठीतही 'जुना हिशेब चुकता केला' म्हणताना आपण नेहमी पैशांबद्दल बोलत नसतो.

वाटेत सुरतेच्या बंदरावर क्षणभर थांबा. १६१३ साली इंग्रजांनी इथे वखार थाटली आहे. कापडाचे तागे मोजले जाताहेत ते कोडीच्या हिशेबानं. कोडी म्हणजे वीस नग. मोल्सवर्थच्या मराठी कोशातही हा शब्द याच अर्थानं आहे. पोर्तुगीज व्यापारी तेवढ्यालाच 'कोर्जा' म्हणतात, इंग्रज 'कॉर्ज'. स्कोअरमध्ये मोजणारा परदेशी आणि कोडीत मोजणारा दलाल, दोघांची बोटं एकाच आकड्यावर येऊन थांबतात.

आता परत इंग्लंड, १७७०च्या दशकातला उन्हाळा. हॅम्पशरमधलं ब्रॉडहाफपेनी डाउन हे माळरान. समोर 'बॅट अँड बॉल' नावाची खानावळ, आणि मैदानावर हॅम्बल्डन क्लबचा सामना. चेंडू खालून टाकलेला. तुमची नजर सीमेपाशी बसलेल्या दोघांकडे जाऊ द्या. दोघांच्या हातात काठी आणि चाकू. धाव झाली की दोघंही खाच पाडतात, दहावी जरा लांब. धावेला इथले लोक 'नॉच' म्हणतात, म्हणजे खाचच. अमक्यानं तीस खाचा केल्या, असं बोलायची पद्धत आहे. कागदही येतो आहे. केंटमधल्या सेव्हनओक्सला प्रॅट नावाचा स्कोअरर १७७६ साली स्कोअरकार्ड छापतो. काठ्या गेल्या तरी दोन माणसं मात्र कायम राहिली. क्रिकेटच्या कायद्यांतला तिसरा कायदा आजही सांगतो की स्कोअरर दोन असावेत आणि त्यांनी आपल्या नोंदी वारंवार ताडून पाहाव्यात. वेस्टमिन्स्टरची चिरलेली कांडी अशी क्रिकेटमध्ये जिवंत आहे.

आता पुन्हा वेस्टमिन्स्टर, १६ ऑक्टोबर १८३४. टॅली बंद करायचा कायदा १७८२ मध्येच झाला होता, पण प्रत्यक्षात त्या १८२६ पर्यंत चालल्या. साडेसहाशेहून अधिक वर्षांच्या वापरानंतर उरलेल्या कांड्यांचा ढीग कुणालाच नकोसा झाला आहे. हुकूम सुटतो, जाळून टाका. हाउस ऑफ लॉर्ड्सच्या खालच्या भट्ट्यांत दोन गाड्या कांड्या दिवसभर कोंबल्या जातात. दुपारी चारच्या सुमारास सभागृह पाहायला पाहुणे येतात. तुम्ही त्यांच्याबरोबर आत शिरा. बुटाच्या तळव्यातून जमिनीची धग जाणवते. धुरामुळे भिंतीवरचे पडदे धड दिसत नाहीत. कोणी फारसं मनावर घेत नाही. संध्याकाळी सहानंतर ज्वाळा उसळतात आणि रात्रभरात ब्रिटिश संसदेची दोन्ही सभागृहं जळून जातात. लांबीचं आणि वजनाचं देशाचं प्रमाण म्हणून जपलेले यार्ड आणि पौंडही त्यात नष्ट होतात. थेम्सच्या काठावर उभ्या असलेल्या गर्दीत चित्रकार टर्नर आहे. हे दृश्य तो पुढे रंगवणार आहे. वेस्टमिन्स्टर हॉल मात्र वाचतो. कादंबरीकार डिकन्सनं १८५५ साली एका भाषणात हा प्रसंग सांगताना विचारलं होतं, ही लाकडं आसपासच्या गरिबांना चुलीसाठी का नाही दिली?

एकच थांबा उरला. १९ नोव्हेंबर १८६३, अमेरिकेतलं गेटिसबर्ग. चार महिन्यांपूर्वी याच शेतांत हजारो सैनिक पडले, आज त्यांच्या दफनभूमीचा समारंभ आहे. मुख्य वक्ते एडवर्ड एव्हरेट दोन तास बोलले आहेत. मग उंच, किडकिडीत राष्ट्राध्यक्ष लिंकन उठतो आणि जेमतेम दोन मिनिटं बोलतो. देशाच्या जन्माला, १७७६ ला, ८७ वर्षं झाली आहेत. जुलैत व्हाइट हाउससमोर जमलेल्या लोकांशी बोलताना त्यानं 'ऐंशीएक वर्षं' अशा बोलीतच हा काळ सांगितला होता. आज तो आकडा स्कोअरमध्ये मांडतो: चार विसा आणि सात. समोरच्या शेतकऱ्यांच्या कानात १६११ च्या इंग्रजी बायबलची भाषा आहे. त्या बायबलच्या ९०व्या स्तोत्रात माणसाचं आयुष्य तीन विसा आणि दहा वर्षांचं सांगितलं आहे. त्या मापानं पाहिलं तर त्यांचा देश एका माणसाच्या आयुष्याहून जेमतेम थोडा मोठा आहे. आकडा तोच, पण शब्द बदलल्यावर तो हिशेबातून उठून प्रार्थनेत गेला.

परत या. बोट अजून भिंतीवर आहे आणि भांडण चालूच आहे. एका मुलाला सुचतं, "दोघं लिहू. एक तुमचा, एक आमचा." दुसरा विटेचा तुकडा येतो आणि खेळ सुरू होतो. क्रिकेटच्या कायद्यांचं पुस्तक या मुलांनी कधी पाहिलेलं नाही.

तुम्ही घरी येता. फोनवर संदेश आहे: कर्जासाठी तुमचा स्कोअर तपासला गेला. ३०० ते ९०० मधला एक आकडा. तुमचे हप्ते, तुमची कार्डं, तुमचे उशीर, सगळ्याच्या खाचा कुठेतरी पडल्या आहेत, पण कांडी तुमच्या हातात नाही. खानावळीतल्या गिऱ्हाइकाची जी गत होती तीच आपल्यातल्या बहुतेकांची आहे, कारण आपण आपला तुकडा मागतच नाही. फेडलेलं कर्ज तिथे थकलेलं दिसू शकतं, आणि न घेतलेलंही आपल्या नावावर दिसू शकतं. ताडून पाहिल्याशिवाय ते कळणार कसं?

दुसरा तुकडा मागायची सोय आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीनं वर्षातून एकदा तुमचा संपूर्ण अहवाल तुम्हाला फुकट द्यायचा आहे. देशात अशा चार कंपन्या आहेत. या आठवड्यात एकीचा तरी अहवाल मागवा, आपल्या पासबुकाशेजारी ठेवा आणि खाच न्‌ खाच जुळवून पाहा. जुळली नाही तर लेखी हरकत घ्या. वेस्टमिन्स्टरला कांडी चिरली गेली तेव्हापासून स्कोअरचा अर्धा भाग तुमचा आहे.