लुगडे विरल्यावर : बेळगाव-निपाणी भागातील घरगुती शिवणकामाचा इतिहास

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी आणि निपाणी या पट्ट्यात घरी हाताने करून नात्यागोत्यात देण्याच्या ज्या वस्तू होत्या, त्यांचा इतिहास हा बऱ्याच अंशी जुन्या कापडाचा इतिहास आहे. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक अंथरून त्यांना हाताने टाके घालून केलेली वाकळ, तान्ह्या मुलासाठी मऊ झालेल्या सुती कापडाचे केलेले दुपटे, डोके आणि पाठ एकदमच झाकणारी खणाची कुंची, कापडी चिमण्यांचे पाळण्यावर टांगायचे चिमणाळे, अशा या वस्तू बाजारासाठी केल्या जात नव्हत्या, त्यांच्यावर जकात बसत नव्हती आणि त्यांचा हिशेब कोणत्याही वहीत ठेवला जात नव्हता. १८८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा एकविसावा खंड बेळगाव जिल्ह्याला वाहिलेला आहे. परंतु अशा सरकारी ग्रंथांची मोजपट्टी उत्पादन, व्यापार आणि महसूल ही असल्यामुळे, ज्या कामाला दाम नव्हता त्या कामासाठी अभ्यासकाला दुसरीकडे पाहावे लागते. हे दुसरीकडे म्हणजे दोन ठिकाणी : घरात कोणते कापड येत होते तिथे, आणि घरातल्या बाईच्या हाती दुपारचा किती वेळ उरत होता तिथे. या दोन गोष्टी जसजशा बदलल्या तसतसे हे शिवणकाम बदलत गेले.

कापडाच्या बाबतीत हा प्रदेश सुदैवी होता. बेळगाव शहराला लागून असलेले शहापूर १९४८ पर्यंत सांगलीच्या पटवर्धन संस्थानात होते आणि व्यापाराबरोबरच सुती व रेशमी विणकामाचे ठाणे म्हणून त्याची ख्याती होती. शहापूर, वडगाव आणि खासबाग येथील मागांवर निघणारी लुगडी जवळच्या खेड्यांत नेसली जात. पूर्वेकडून, त्या वेळच्या विजापूर जिल्ह्यातील इलकल गावाहून, सुती अंगाची आणि रेशमी काठपदराची इरकल लुगडी येत, तर गुळेदगुड्डहून चोळीचे खण येत. हातमागावरचे सुती लुगडे नवे असताना खळीमुळे ताठ असते, कारण ताण्याचे सूत मागावर तुटू नये म्हणून त्याला आधी पिठाची खळ लावलेली असते. धुण्याने ही खळ जाते, सूत मोकळे होते आणि काही वर्षांच्या वापरानंतर कापड विरते, म्हणजे अंगावर नेसण्याइतके बळकट राहत नाही, परंतु नव्या कापडात कधीच नसते असे मऊपण त्याला आलेले असते. लुगड्याचे दुसरे आयुष्य येथून सुरू होई. बाळाच्या अंगाला पहिला स्पर्श नव्या कापडाचा होऊ न देता आजीच्या किंवा आईच्या धुवट लुगड्याचा व्हावा, हा संकेत भावनेइतकाच कापडाच्या नेमक्या ज्ञानावर उभा होता.

वाकळ हे या दुसऱ्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम. नऊवारी लुगडे जवळपास आठ मीटर लांबीचे, त्यामुळे एका लुगड्यातून वाकळीची वरची आणि खालची अशा दोन्ही बाजू निघू शकत. मधल्या थरांत धोतरांची, चोळ्यांची आणि मुलांच्या अंगरख्यांची धडुती सारखी पसरली जात, आणि मग कडेपासून किंवा एका अंगाने आरंभ करून बारीक धावदोऱ्याच्या ओळी घातल्या जात. टाका जितका जवळ तितकी वाकळ टिकाऊ. थर आतल्या आत सरकून गोळा झाले तर पांघरूण निकामी होई, म्हणून कामाची खरी परीक्षा टाक्याच्या सारखेपणात असे. कापड मुबलक असलेल्या घरात वाकळ जाड होई आणि गरिबाघरची पातळ, पण टाक्याच्या बाबतीत हा भेद राहत नसे. हे काम सुगी संपल्यावर, उन्हाळ्यात, अंगणात किंवा सोप्यात चाले, कारण एवढे कापड पसरायला कोरडी जागा लागे आणि जूनच्या आत पांघरुणे तयार असणे आवश्यक असे. खानापूरच्या बाजूला सह्याद्रीचा पाऊस एकदा सुरू झाला की पुढचे महिने ओल आणि गारठा यांतच जातात. पावसाळा सरल्यावर, घटस्थापनेच्या आधी, घरातले सारे अंथरूण-पांघरूण नदीवर नेऊन धुण्याचा प्रघात होता, आणि वेदगंगा, दूधगंगा, मार्कंडेय या नद्यांच्या काठी वाळत घातलेल्या वाकळी म्हणजे प्रत्येक घराचे कापडचोपड गावापुढे उघडे होण्याचा प्रसंग असे. ज्या घरात शिवणारे हात कमी असत तेथे भटक्या समाजातील स्त्रिया धान्य आणि थोडे पैसे घेऊन वाकळी शिवून देत. म्हणजे हे काम पूर्णपणे पैशाबाहेरचे होते असे मानणे बरोबर होणार नाही.

कन्नड घरांत हीच वस्तू कौदी म्हणून ओळखली जाते, आणि खानापूरच्या जंगलपट्ट्यात व त्याला लागून असलेल्या हल्याळ, यल्लापूर भागात राहणाऱ्या सिद्दी समाजात तिचे आणखी एक रूप आढळते. सिद्दी म्हणजे आफ्रिकेतून पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः पोर्तुगीज गोव्यात, बहुतांशी गुलाम म्हणून आणल्या गेलेल्या लोकांचे वंशज. त्यांच्या स्त्रिया रंगीत कापडाचे तुकडे एकावर एक जोडत कडेकडून मध्याकडे शिवत जातात आणि चारही कोपऱ्यांना घडी घातलेले त्रिकोणी तुकडे लावतात, ज्यांना त्या फूल म्हणतात. या तुकड्यांना उपयोग असा काही नाही, तरीही ते नसतील तर काम अपुरे समजले जाते. वाकळीला कलेच्या इतिहासात जागा द्यावी की घरखर्चाच्या, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी या कोपऱ्यांकडे अवश्य पाहावे.

वाकळीचा संबंध काटकसरीशी होता, तर बाळंतविड्याचा संबंध नात्याशी होता. बाळंतविडा म्हणजे बाळंतीण आणि बाळ यांना बारशाच्या निमित्ताने द्यायच्या वस्तूंचा संच : झबली, टोपडी, दुपटी, कुंची आणि ऐपतीनुसार बाळलेणी. पहिले बाळंतपण माहेरी होण्याची रीत असल्याने सासरकडची माणसे बारशाला तेथे जात, बाळाचे नाव ठेवण्याचा मान आत्याचा असे, आणि तिने आणलेल्या कुंचीकडे साऱ्या बायकांचे लक्ष असे. कुंचीसाठी गुळेदगुड्डचा खण पसंत केला जाई, कारण तो रुंदीला कमी असला तरी अंगाने भरीव असतो आणि त्याची काठाची पट्टी कपाळावर महिरपीसारखी आणता येते. कापडाची एक बाजू चुण्या घालून शिवली की टोपीचा भाग तयार होई आणि उरलेले कापड पाठीवर मोकळे सोडले जाई; मापाची फारशी गरज नसलेला हा बेत असल्यामुळे बाळ वर्षाचे होईपर्यंत तीच कुंची चाले आणि पुढे धाकट्या भावंडाला मिळे.

याच कुंचीवर आणि कुलावी नावाच्या लहान मुलांच्या टोपीवर या भागातील उत्तम भरतकाम झालेले आहे. कसुती या नावाने ओळखला जाणारा हा कशिदा धारवाड-बेळगाव-विजापूर या टापूतला. त्यात कापडावर आधी नक्षी रेखाटत नाहीत. ताण्याबाण्याचे धागे मोजूनच सुई घातली जाते. त्याचे चार टाके प्रसिद्ध आहेत. गवंतीत सुई एकाआड एक टाके घालत पुढे जाते आणि त्याच वाटेने परत येताना राहिलेल्या जागा भरते, त्यामुळे उलट-सुलट बाजू सारखीच दिसते. मुर्गी हा तसाच पण पायऱ्यापायऱ्यांनी नागमोडी जाणारा. नेगी विणकामाचा भास देणारा. आणि मेंती फुलीचा. गाठ मारणे वर्ज्य असल्याने दोरा जेथून निघाला तेथेच तो परत आणावा लागतो, म्हणजे गोपूर, रथ, पालखी, तुळशीवृंदावन किंवा मोर यांची संपूर्ण वाट सुई टोचण्याआधीच डोक्यात असावी लागते. लिहिता-वाचता न येणाऱ्या स्त्रियांनी केलेले हे गणित आहे आणि त्याला त्याच योग्यतेचा मान मिळायला हवा. पूर्वी यासाठी लागणारे रेशीम बाजारातून आणण्याऐवजी लुगड्याच्या पदराच्या दशांतून काढले जाई. म्हणजे येथेही एका वस्त्राच्या उरलेल्या भागावरच दुसऱ्या वस्त्राची शोभा उभी राही.

या साऱ्या परंपरेतून एक काम मात्र एकोणिसाव्या शतकातच गळून पडले होते, ते म्हणजे घरची सूतकताई. गिरणीचे सूत आधी परदेशातून आणि नंतर देशातूनच येऊ लागले. १८८५ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीची गोकाक धबधब्याजवळची सूतगिरणी तर जिल्ह्यातच उभी राहिली, आणि विणकरांना हातसुताची गरज उरली नाही. म्हणून डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाने जो ठराव केला त्याला या इतिहासात विशेष स्थान आहे. गांधीजी अध्यक्ष असलेले हे एकमेव अधिवेशन होते, आणि त्यात सभासदत्वासाठी चार आण्यांच्या वर्गणीऐवजी दरमहा दोन हजार वार हातसूत देण्याची अट मान्य झाली. स्वतः कातणे शक्य नसेल त्याने दुसऱ्याने कातलेले द्यावे अशी सोयही ठेवली होती. घरातल्या हातकामाला राजकीय हक्काचे मोल देण्याचा हा प्रयत्न फार काळ टिकला नाही, कारण सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याला ही अट सैल करून सूत किंवा चार आणे असा पर्याय दिला गेला. तथापि अधिवेशनाच्या स्वागत समितीचे अध्यक्ष गंगाधरराव देशपांडे यांनी आपल्या हुदली गावी खादीचे काम जिद्दीने चालू ठेवले, आणि एप्रिल १९३७ मध्ये गांधी सेवा संघाच्या संमेलनासाठी गांधीजी तेथे येऊन राहिले. हुदलीत खादी तग धरून राहिली. घरोघरची चाती मात्र परत आली नाही, आणि याचे कारण निष्ठेच्या अभावात शोधण्यापेक्षा कामाच्या स्वरूपात शोधणे अधिक योग्य ठरेल : वाकळ आणि कुंची यांना घरातच घेणारे माणूस होते, तर दोन हजार वार सुताला ते नव्हते.

त्याच सुमारास शाळांतून एक वेगळे हातकाम घरात शिरत होते. लंडन मिशनचे काम बेळगावात १८२० पासून सुरू झाले होते आणि पुढे सरकारी व खाजगी अशा सर्वच मुलींच्या शाळांत शिवण हा विषय आला. त्याबरोबर क्रोशाची सुई, लोकरीचे विणकाम, चौकटीत ताणून करायचे भरतकाम आणि मण्यांची तोरणे आली. या वस्तूंचे प्रदर्शन म्हणजे रुखवत, लग्नात वधूपक्षाकडून मांडल्या जाणाऱ्या फराळाच्या आणि हाताने केलेल्या जिनसांची मांडणी. वाकळीचे कौशल्य आईच्या शेजारी बसून येत होते, तर रुखवताचे नमुने पुस्तकांतून, नियतकालिकांतून आणि वर्गातून येत होते. पुढे १९३० च्या दशकापासून देशी बनावटीची शिवणयंत्रे मिळू लागल्यावर झबली-टोपडी यंत्रावर होऊ लागली आणि हातशिलाई जाड कामापुरती व हौशीच्या कामापुरती उरली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, तेव्हा गडहिंग्लज, चंदगड, कागल या बाजूंशी असलेले रोटीबेटीचे व्यवहार राज्यसीमेने दुभंगले खरे, परंतु लेकीबरोबर जाणारे रुखवत आणि नातवासाठी येणारा बाळंतविडा यांनी ती सीमा कधी मानली नाही.

निपाणीची गोष्ट निराळी आहे आणि ती अधिक कठीण आहे. तंबाखूच्या या पेठेत विडीकाम घराच्या उंबऱ्याच्या आत आले. टेंभुर्णीचे पान भिजवायचे, ठराविक मापाने कापायचे, मांडीवरच्या सुपात ठेवलेला तंबाखू त्यात भरून वळायचे, दोऱ्याने बांधायचे आणि तोंड मुडपायचे, ही कृती ज्या बोटांना साधते ती बोटे टाक्यालाही साधणारीच असतात, आणि ज्या दुपारच्या वेळात वाकळ होत होती तोच वेळ विडीने घेतला. फरक मोबदल्याचा होता : विडीला हजारावर दर मिळे, त्यातून घर चाले, आणि म्हणून तिला नकार देणे शक्य नव्हते. १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने घरी बसून काम करणाऱ्यांनाही कामगार मानले, १९७६ मध्ये त्यांच्यासाठी कल्याण निधीचा कायदा झाला, आणि निपाणीतील तंबाखू कामगार स्त्रियांच्या संघटनेवर युगांतर या चित्रपट गटाने १९८२ मध्ये अनुबोधपट केला. घरात बसून बाईने केलेल्या कामाची लिखित नोंद या भागात झाली ती अशी, मजुरीच्या लढ्यातून. मात्र याचा अर्थ निपाणीच्या घरांतून मायेचे हातकाम संपले असा काढणे त्या स्त्रियांवर अन्याय करणारे होईल. ते दिव्याच्या उजेडात, विड्यांचा हिशेब देऊन झाल्यावर होत राहिले.

शेवटचा मोठा बदल पुन्हा कापडातूनच आला. नायलॉन आणि पॉलिएस्टरच्या स्वस्त साड्या १९७० नंतर खेड्यापाड्यांत पोचल्या. त्या धुवायला सोप्या, रंगाला पक्क्या आणि वर्षानुवर्षे टिकणाऱ्या असल्याने कष्टकरी स्त्रियांनी त्या आपल्याशा केल्या, यात नवल नाही. परंतु हे कापड विरत नाही, घाम शोषत नाही आणि थरांत ठेवले की एकमेकांवरून घसरते, त्यामुळे अशा साड्यांची वाकळ जड होते पण उबदार होत नाही, आणि दुपट्यासाठी तर त्यांचा उपयोगच नाही. आता शहरांतील दुकानांत आणि प्रदर्शनांत ज्या वाकळी मागणीनुसार विकल्या जातात, त्यांपैकी बऱ्याचशा नव्या सुती कापडाच्या असतात. त्यांच्यामुळे शिवणाऱ्या स्त्रीला रास्त दाम मिळत असेल तर ते स्वागतार्हच आहे, मात्र त्या वस्तूत कोणत्याही घराचे कापड नसते. कसुतीच्या चंद्रकळा आणि जुनी इरकल लुगडी संग्रहालयांनी जपून ठेवली आहेत. वाकळीच्या वाट्याला ते भाग्य क्वचितच आले, कारण फाटलेल्या वाकळीचे बसकर होई, बसकराचे पायपुसणे होई आणि शेवटी त्याचेच पोतेरे होऊन ते सारवणाला लागे. या भागातील वस्त्रांचा इतिहास ज्यांना लिहायचा आहे त्यांनी म्हणून कपाटांपेक्षा आधी माणसांकडे जावे; वाकळीतला कोणता तुकडा कोणाच्या लुगड्याचा आणि ते लुगडे कोणत्या प्रसंगी घेतलेले, हे हात ठेवून सांगू शकणाऱ्या वृद्ध स्त्रिया शहापुरात, खानापुरात आणि निपाणीत अजून आहेत, आणि त्यांचे सांगणे लिहून घेण्याचे काम अद्याप करता येण्यासारखे आहे.