वर्गणीतून आलेलं पदक

पैलवान खाशाबा जाधवांची गोष्ट सांगायला कऱ्हाडकडची म्हातारी माणसं बसली, की हेलसिंकीचं ऑलिंपिक फार उशिरा येतं. आधी येते वर्गणी. माझे आजोबाही तिथूनच सुरुवात करत. कुणी रुपया दिला, कुणी आठ आणे, कोण दारोदार फिरलं, हे सगळं झाल्याशिवाय ते पैलवानाला गाव सोडू देत नसत.

खाशाबा गोळेश्वरचे. जन्म 15 जानेवारी 1926चा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे लाल माती घरातच होती. कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमधून खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. 1948च्या लंडन ऑलिंपिकचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला आणि खाशाबा तिथे फ्लायवेट गटात सहावे आले. आजोबांना या सहाव्या नंबराचं पदकाइतकंच अप्रूप होतं. "आरं, गादी कसली असती त्येबी ठावं नव्हतं गड्याला," ते म्हणत. मातीत पाठ लागली की निकाल लागतो. गादीवर वेळ मोजतात, गुण मोजतात, पायाखालची पकडच निराळी. गावच्या हौद्यात घोटवलेला ढाक डाव त्या परक्या गादीवर चालवायचा म्हणजे निम्मी कुस्ती नव्याने शिकण्यासारखं होतं.

1952 साली हेलसिंकीच्या वेळी पुन्हा पैशाचं घोडं अडलं. सरकारदरबारी खेटे घालूनही पुरेसं काही हाती लागेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्या काळी सात हजार म्हणजे काय, हे आजोबा जमिनीच्या भावात सांगत. उरलेल्याला गावांनी हात लावला.

हेलसिंकीत 57 किलो वजनाच्या बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. पुढे जपानच्या शोहाची इशीईशी लांबलेली झुंज झाली, ती ते हरले. इशीईंनी पुढे सुवर्ण जिंकलं. ती कुस्ती संपते न संपते, तोच खाशाबांना सोव्हिएत मल्ल रशीद मामेदबेकोव्हसमोर उभं केलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती, पण ती मागून घ्यायला आपला एकही अधिकारी तिथे नव्हता. आमच्याकडची म्हातारी माणसं या जागी आली की अजून चिडतात, आणि ती चीड रास्त आहे असं मला वाटतं. दमलेल्या पैलवानाच्या बाजूने बोलायला एक माणूस हवा होता, एवढंच.

तीही कुस्ती गेली, आणि 23 जुलै 1952 रोजी कांस्यपदक मिळालं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला 1996 उजाडलं. ते लिअँडर पेसचं.

कऱ्हाड स्टेशनावर शंभराहून अधिक बैलगाड्या गेल्या. ढोल, लेझीम, गुलाल, सगळं काही. पण मला या गोष्टीतला सर्वांत मोठा भाग त्यानंतरचा वाटतो. परत आल्यावर खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले, आणि आलेला पैसा खर्डीकरांचं गहाण घर सोडवायला दिला. गुरूचं घर अडकलेलं असताना पदक घेऊन मिरवणं त्यांना जमलं नसतं. आजोबा इथे थांबत आणि आमच्याकडे बघत.

1955 साली खाशाबा पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले. बढती कित्येक वर्षं रखडली. निवृत्तीवेळी ते सहायक पोलीस आयुक्त होते. 14 ऑगस्ट 1984 रोजी मोटारसायकलच्या अपघातात ते गेले. हयातीत ना अर्जुन पुरस्कार, ना पद्म. अर्जुन मिळाला तोवर त्यांना जाऊन पंधराहून अधिक वर्षं लोटली होती. दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला आता त्यांचं नाव आहे, ही चांगलीच गोष्ट झाली.

खर्डीकरांचं नाव इतिहासात राहिलं. रुपया-आठ आणे देणाऱ्यांची यादी मात्र मी तरी कुठे छापलेली पाहिली नाही. ही नावं सांगू शकतील अशी माणसं आता ऐंशी-नव्वदीत आहेत. कऱ्हाड-कोल्हापूरकडे तुमच्या घरात असं कुणी असेल, तर आजच त्यांच्याजवळ बसा, विचारा आणि लिहून घ्या.