माशेलकर, रघुनाथ अनंत
(१ जानेवारी १९४३ – ). भारतीय रासायनिक अभियंते व बहुवारिक-वैज्ञानिक. जन्म गोव्यातील माशेल येथे, शिक्षण मुंबईत. १९७६ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आले आणि पुढे १९८९–९५ या काळात तिचे संचालक होते. त्यांचे सर्वांत मोलाचे काम पाणी शोषून फुगणाऱ्या बहुवारिक जेलांवरचे. २०१२ मध्ये पुणे व सॅन दिएगो येथील संशोधकांसह त्यांनी स्वतःहून सांधणारा जेल मांडला. त्याचे कापलेले तुकडे आम्लधर्मी द्रावात एकमेकांना टेकवताच काही सेकंदांत जुळतात. द्राव अल्कधर्मी केला की सुटतात. रेणूंच्या लोंबत्या शाखांमधील हायड्रोजन-बंध हे त्याचे कारण. जखमेसारखा भरून येणारा हा निर्जीव पदार्थ खरोखर विलक्षण आहे. १९९८ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.