नको असलेले केस आणि लेझर : दीडशे वर्षांची गोष्ट



लग्नसराई जवळ आली की आम्हा गटाच्या ताईंकडे एक प्रश्न हमखास येतो. भर बैठकीत कुणी विचारत नाही. हिशेबाची वही मिटली, बाया उठल्या की एखादी हळूच मागं थांबते. "ताई, पोरीच्या हनुवटीवर केस आहेत. तालुक्याला लेझर करतात म्हणे. कायमचे जातात का? गटातून कर्ज मिळेल का?" म्हणून आजच्या भाषणात आम्ही या लेझरचा इतिहास सांगणार आहोत. पैसे कशाला द्यायचे आणि कशाला नाही, हे त्यातूनच कळतं.

आपल्याकडं डाळीच्या पिठाचं, हळदीचं उटणं लावत आले, दोऱ्यानं केस काढत आले. यंत्रानं केस काढायची सुरुवात मात्र अमेरिकेत झाली, आणि त्याचे चटकेही आधी तिथल्याच बायकांनी सोसले. 1875 साली सेंट लुइस शहरातले डोळ्यांचे डॉक्टर चार्ल्स मिशेल यांनी एक उपाय लिहून ठेवला. पापणीचा केस आत वळला की डोळ्याला टोचतो. त्या केसाच्या मुळाशी बारीक सुई घालून ते वीज सोडत, मूळ जळून जाई. हा उपाय आजही चालतो. पण एकेका केसाला सुई लावायची म्हणजे वेळ फार जातो, आणि बायकांना घाई होती.

त्या घाईचा फायदा घेणारे लवकरच आले. 1895 साली क्ष-किरणांचा शोध लागला. ते अंगावर पडले की केस गळतात, हे थोड्याच काळात लक्षात आलं. 1920 नंतरच्या दशकात न्यूयॉर्कचे डॉक्टर आल्बर्ट गायझर यांनी 'ट्रायको' नावाचं यंत्र काढलं आणि ते गावोगावच्या ब्युटी पार्लरमध्ये बसवलं. चालवणाऱ्या बायका डॉक्टर नव्हत्या, थोड्या दिवसांचं शिक्षण घेतलेल्या होत्या. पेटीसमोर बसायचं, दुखत नाही, खुपत नाही, आणि केस गळून पडतात. कुणाला वाईट वाटणार? पण पुढं त्याच जागी कातडी सुरकुतली, डाग पडले, जखमा झाल्या, आणि कित्येकींना बऱ्याच वर्षांनी कर्करोग झाला. 1929 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेच्या नियतकालिकानं या यंत्राविरुद्ध उघड लिहिलं, आणि धंदा ढासळला.

त्याच सुमारास 'कोरेमलू' नावाची केस काढायची क्रीम आली. तिच्यात थॅलियम होतं, म्हणजे उंदीर मारायचं विष. बायकांचे डोक्यावरचे केस गेले, काहींचे पाय लुळे पडले, नजर गेली. सौंदर्यप्रसाधनांवर तिथं तोवर सरकारी कायदाच नव्हता. तो 1938 साली आला.

आता लेझर. लेझर म्हणजे क्ष-किरण नव्हेत, हे आधी लक्षात घ्या. हा एकाच रंगाचा, एकवटलेला उजेड. 1960 साली थिओडोर मेमन यांनी कॅलिफोर्नियात पहिला लेझर चालवून दाखवला. 1983 साली रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या दोन डॉक्टरांनी त्याचा नियम मांडला : नेमका उजेड, नेमका वेळ सोडला तर आसपासचं न जाळता हवं तेवढंच तापवता येतं. उन्हात काळी छत्री लवकर तापते, पांढरी तितकी तापत नाही, तसंच हे. केसाच्या मुळातला काळा रंग उजेड ओढून घेतो आणि मूळ भाजतं. 1990 नंतरच्या दशकात या उपायाला अमेरिकेत सरकारी परवानगी मिळाली.

आपल्या कामाची मेख इथंच आहे. सुरुवातीची यंत्रं गोऱ्या कातडीवरच्या काळ्या केसांना सोयीची होती. 1975 साली डॉक्टर थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी कातडीच्या रंगाची प्रतवारी केली, तीही आधी फक्त गोऱ्यांची. सावळ्या आणि काळ्या कातडीचे प्रकार तिच्यात नंतर आले. केसात जो काळा रंग, तोच आपल्या कातडीत. यंत्र चुकीचं असलं किंवा जोर जास्त झाला, तर केसाआधी कातडीच भाजते आणि डाग महिनोन्‌महिने राहतो. पुढं खोलवर जाणाऱ्या उजेडाची यंत्रं आली. त्यांतलं 'एनडी याग' हे गडद कातडीला त्यातल्या त्यात सुरक्षित मानतात. आपल्या देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही 2008 साली या उपचाराचे नियम छापले.

मग अपेक्षा काय ठेवायची? एका खेपेत काम होत नाही. लेझर लागू पडतो तो वाढीला लागलेल्या केसालाच, आणि सगळे केस एकाच वेळी वाढत नाहीत. म्हणून महिना-दीड महिन्याच्या अंतरानं सहा-आठ खेपा लागतात. केस कमी होतात, बारीक होतात, पण सगळे कायमचे जातील असं नाही. पांढऱ्या केसांवर उपयोग होत नाही. करताना रबर तडकल्यासारखं लागतं, नंतर थोडी लाली येते. डोळ्यांवर चष्मा हवाच. महिनाभर आधीपासून थ्रेडिंग-वॅक्सिंग बंद, ब्लेड चालतं. ब्लेडनं केस दाट होतात हा गैरसमज आहे. शेतात उन्हात राबून कातडी रापली असेल तर थांबायचं. गरोदरपणात करायचं नाही. वांगावर तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लेझर नकोच, वांग वाढू शकतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. मुलीची पाळी चुकते, वजन वाढतंय आणि हनुवटीवर जाड केस येताहेत, तर पीसीओडी असू शकतो. तो तसाच राहिला तर केस पुन्हा येतात, कधीकधी चेहऱ्यावर वाढतातही. तिथं आधी डॉक्टर, मग लेझर.

म्हणून त्या आयांना आमचं सांगणं असं असतं : कर्जाचा अर्ज नंतर करा, आधी सरकारी दवाखान्यात मुलीला दाखवा. मग जिथं जाल तिथं विचारा, यंत्र कोणतं, चालवणार कोण, त्वचेचे डॉक्टर हजर असतात का, आधी छोट्या जागेवर करून बघणार का, आणि सगळ्या खेपांचा मिळून खर्च किती. जो एका दिवसात कायमचे केस घालवून देतो म्हणेल, त्याच्याकडून माघारी या. ट्रायकोवालेही तेच सांगत होते.

आणि पोरीला विचारा, तिला स्वतःला हे हवंय का. हनुवटीवर चार केस आहेत म्हणून तिच्यात काही खोट नाही. तिला नको असेल तर तो पैसा तिच्या शिक्षणाला लावा. पुढच्या बैठकीत हा विषय वही मिटायच्या आत, सगळ्यांसमोर काढूया.