फाट्यावरची धमनी : एक जाळी की दोन?

१/ १६ सप्टेंबर १९७७. झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी अरुंद झालेली हृदयधमनी प्रथमच फुग्याने रुंद केली. १९८६ मध्ये धमनीला आतून आधार देणारी जाळी, अर्थात स्टेंट, आली.

२/ पेच उरला तो फाट्याचा. मुख्य धमनीत जाळी बसवताना उपशाखेचे तोंड बंद होण्याचा धोका असे. त्यातून 'क्युलॉट', 'क्रश' अशी दोन जाळ्यांची तंत्रे निघाली.

३/ २००६ च्या नॉर्डिक अभ्यासात ४१३ रुग्ण होते. सहा महिन्यांत दुसऱ्या जाळीचा विशेष लाभ दिसला नाही. 'आधी एकच, गरज पडली तरच दुसरी' हा दंडक रुजला.

४/ मात्र २०१७ मध्ये डाव्या मुख्य धमनीच्या फाट्यावरील ४८२ रुग्णांच्या चाचणीत चित्र पालटले. एका वर्षात उपचार अयशस्वी ठरण्याचे प्रमाण त्या दंडकानुसार १०.७ टक्के, तर दोन जाळ्यांच्या 'डबल किसिंग क्रश' तंत्राने ५ टक्के भरले. दंडक टिकला, त्याची मर्यादाही कळली.